एका इंचात आठ

बाळकुमची यसूआत्या वागळे इस्टेटीत
पॅराशूट शिवायची. माणसांची नव्हेत, पोत्यांची.
हे आधीच सांगितलेलं बरं,
कारण शाळेत मी सांगितलं होतं, माझी आत्या सैनिकांना उडवते,
आणि गुरुजींनी मला बाकावर उभं केलं होतं.

एकाहत्तरचा डिसेंबर. गाड्यांचे दिवे अर्धे काळे,
शेडच्या काचांना खाकी कागद, खळीने चिकटवलेला,
आत निळ्या बल्बांखाली बावीस मशिनं.
सुती कापडाच्या पाकळ्या,
एकेक पाकळी आमच्या ओटीहून लांब.
चित्रे सुपरवायझर पितळी पट्टी लावून मोजत :
एका इंचात आठ टाके.
सात पडले तर शिवण उसवते.
नऊ पडले तर कापड पोस्टाच्या तिकिटासारखं
भोकांवरून फाटतं.
आठ, बाई, आठ. वर गेल्यावर कुणी मोजत नाही.

मी डबा घेऊन जायचो : भाकरी, सुकट, कधी खाडीतली निवटी.
येऊरच्या अंगाने विमान आलं की
साऱ्या बायका दाराशी धावत,
कुणी हात हलवी, कुणी नुसतीच तोंड उघडं टाकून उभी.
आत्या नाही.
"इमान बगाला गेलं का टाका चुकतंय,"
आणि पॅडल पुन्हा सुरू.

वर काय व्हायचं ते फार पुढे कळलं.
चरईतला पास्कल डिमेलो डाकोटात माल ढकलायला होता.
पेन्शनीत आला, आमच्या ओटीवर बसून सांगायचा :
दार काढून टाकलेलं,
वारा कानांत नाही, दातांत शिरायचा.
खाली डोंगर, रस्ता तुटलेली एक चौकी,
माणसांची बिस्किटं संपलेली, खेचरांचा चाराही.
बेल झाली की उताणं पडायचं,
आणि दोन्ही पायांनी लोटायचं :
तांदूळ, रॉकेल, काडतुसं, मीठ, मीठ.
दहांतली सहा पोती मिळाली तर साहेब खूश.
बाकीची दरीत, नाहीतर पलीकडच्यांच्या ताटात.
एकदा म्हणे बुटांचे दोन गठ्ठे टाकले,
उजव्या पायाचा दरीत गेला.
आठवडाभर चौकी डाव्या बुटांकडे बघत बसली.
खोटं असेल. पण तो हसत नव्हता.

"लढाऊवाले आमच्याही वर घिरट्या घालायचे.
पेपरात त्यांचे फोटो. असू देत.
त्यांनी आभाळ धरून ठेवलं
म्हणून मला मीठ टाकता आलं."

आत्याने एकदाच विचारलं,
सुपारी कातरत, मान वर न करता :
"फाटल्या का रं कवा, छत्र्या?"
पास्कल म्हणाला, नाही. लगेच म्हणाला.
मग म्हणाला, वाऱ्याने एखादी. वाऱ्याचं काय.
मग चहा मागितला.

त्या शेडच्या जागी आता काचेची इमारत आहे.
पोरं कानाला हेडफोन लावून रात्रभर
परक्या मुलखातल्या लोकांना सांगतात,
तुमचं पार्सल कुठवर आलंय.

आत्या गेली तेव्हा ट्रंकेत निघाला
कापडाचा तुकडा, वीतभर, शिवणीसकट,
चित्र्यांची लाल फुली मारलेला.
मी नातवाची कंपासपेटी उघडली, पट्टी लावली.
सात.
पुन्हा मोजले. सात, आणि एक भोक
ज्यातून दोरा गेलाच नव्हता.

हा इथेच अडकला, वर गेला नाही, हे ठीक.
पण तो तिने इतकी वर्षं ठेवला,
कधी सुकट झाकायलाही वापरला नाही.
पास्कलला विचारावं, तर तोही नाही.
मी तुकडा परत ठेवला,
तिच्याच घडीवर घडी पाडून.